हागणदारीमुक्त गाव आणि वरचा गड

एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्याआधीची काही वर्षे खेड्यापाड्यांत भल्या पहाटे ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरत होती. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत अडवायचे, समज द्यायची, पुन्हा सापडला तर दंड करायचा, अशी त्यांची रीत होती. त्या रीतीतला अपमान अनेकांना, विशेषतः बायांना, सोसावा लागला आणि तो योग्य होता असे मला वाटत नाही. पण गावांनी तो सोसला, शोषखड्डे खणले, अनुदानात स्वतःचे पैसे घालून संडास बांधले. सह्याद्रीतील गडांच्या पायथ्याची गावेही त्यातून सुटली नाहीत. आज त्याच गावांच्या डोक्यावर, गडाच्या माथ्यावर, पावसाळ्यातल्या दर शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिक, ठाण्याहून आलेली शेकडो माणसे उघड्यावर शौचाला बसतात आणि त्यांना अडवायला कोणी नसते. उलट त्याला निसर्गात जाणे म्हणतात, त्यावर विनोद होतात आणि उतरताना मागे काय राहिले याचा विचारही कोणी करत नाही.

जे गावकऱ्याने शेताच्या बांधावर केले तर गुन्हा ठरते, ते शहरी माणसाने गावाच्या पाणवठ्याच्या वर केले तर हौस कशी ठरते, हा माझा प्रश्न आहे. आणि माझे म्हणणे असे की, सह्याद्रीच्या माथ्यांवर गर्दीच्या काळात या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर आहे: वर केलेला मैला खाली आणणे आणि शक्यतो वर करण्याची वेळच येऊ न देणे. हे ऐकायला किळसवाणे वाटते याची मला जाणीव आहे. म्हणूनच त्याची कारणे सविस्तर मांडायला हवीत.

हरिश्चंद्रगडाचेच पाहू. पाचनईकडून जा, खिरेश्वरकडून जा किंवा नळीच्या अवघड वाटेने चढा, मुक्काम पडतो तो हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळच्या गुहांमध्ये नाहीतर कोकणकड्याच्या बाजूच्या सपाटीवर. मंदिराच्या परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, सप्ततीर्थ पुष्करणी आहे आणि थोडे खाली केदारेश्वराच्या लेण्यात पिंडीभोवती कमरेएवढे थंडगार पाणी साचलेले असते. मंगळगंगेचा ओहोळ याच माथ्यावरून पाचनईच्या अंगाला उतरतो आणि त्याचे पाणी पुढे मुळा नदीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे जिथे माणसे जेवतात, झोपतात आणि पहाटे आडोसा शोधत फिरतात, ती सगळी जागा एका पाणलोटाचा वरचा टोकाचा भाग आहे. तिथे पडणारे प्रत्येक थेंबभर पाणी उतारावरून कुठल्या तरी टाक्यात, ओढ्यात किंवा झऱ्यातच जाणार.

हिशेब साधा आहे. प्रौढ माणसाचा दिवसाचा मल सरासरी पाव किलोच्या आसपास धरता येतो. एखाद्या गडावर शनिवारी रात्री समजा तीनशे माणसे मुक्कामाला असतील, तर रविवारी सकाळी पाऊणशे किलो मैला माथ्यावर पडतो. जून ते सप्टेंबर असे सतरा आठवडे हे चालले, तर टनाहून अधिक. त्या एकेका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असले, तरी एखाद्याच माणसाला विषमज्वर, आमांश किंवा कावीळ असेल, तर त्याच्या एका खेपेने टाक्याचे पाणी दूषित होऊ शकते. जिआर्डियासारख्या परजीवींची कोशे थंड पाण्यात अनेक आठवडे तग धरतात, जंतांची अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले म्हणजे हे सगळे मेले असे होत नाही. ज्या टाक्यातून आपण बाटली भरतो, त्याच टाक्याच्या वरच्या अंगाला कालच्या मुक्कामातल्या माणसांनी काय केले आहे, हे आपल्याला दिसत नाही; पण तिथल्या झोपडीत आपल्याला पिठलं-भाकरी वाढणाऱ्या बाईला रोज त्याच पाण्यावर स्वयंपाक करायचा असतो.

आपल्याकडच्या गडांवर ही जागा ओळखायला फार शोधावे लागत नाही. आपण पाणी वापरणारी माणसे, त्यामुळे झुडपांमागे, पडक्या वाड्याच्या जोत्यामागे, तटाच्या कोपऱ्यात, जिथे जिथे बसण्यासारखा आडोसा आहे, तिथे पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या पडलेल्या असतात. आता त्यांच्या जोडीला ओले रुमाल आले आहेत. हे रुमाल कागदासारखे दिसत असले, तरी त्यांत बहुधा पॉलिएस्टरचे धागे असतात. ते कुजत नाहीत, पावसात भिजून दगडांना चिकटून बसतात. सॅनिटरी पॅडचेही तेच. स्वच्छता मोहिमा काढणारी मंडळी गडावरून पोती भरभरून प्लास्टिक खाली आणतात, त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या बाटल्यांच्या बाजूला जे पडलेले असते, त्याला हात कोण लावणार?

या विषयावर कोणी बोललेच, तर एक ठरलेला सल्ला मिळतो: खड्डा करा, त्यात बसा, माती लोटा. नियम असा की खड्डा सहा ते आठ इंच, म्हणजे जवळजवळ वीतभर खोल असावा. पाणवठा, वाट आणि मुक्कामाची जागा यांपासून दोनशे फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी पावले दूर असावा. माती काळी, भुसभुशीत, पालापाचोळा कुजून झालेली असावी, कारण मल कुजवणारे जीव त्याच थरात असतात. हा नियम चुकीचा नाही. भीमाशंकरच्या किंवा कोयनेच्या बाजूच्या दाट रानात, ओढ्यापासून दूर, दोन-चार माणसेच असतील, तर त्याहून चांगला उपाय नाही आणि प्रत्येकाच्या पाठपिशवीत एक छोटे खुरपे असायलाच हवे. पण हा नियम ज्या परदेशी रानांसाठी घडला, तिथे माती खोल असते, माणसे विरळ असतात आणि आपल्यासारखा चार महिने कोसळणारा पाऊस नसतो.

सह्याद्रीचे माथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचे आहेत. त्या कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तोही नाही. कोकणकड्याच्या सपाटीवर, हरिहरच्या माथ्यावर, राजगडाच्या माच्यांवर वीतभर खोल खड्डा खणायला जागा शोधणाऱ्या माणसाला पहिल्या दोन बोटांतच दगड लागतो. मग तो वर चार दगड रचतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. जून उजाडला की पहिल्या मोठ्या सरीत ते सारे उतारावर येते. जिथे थोडी माती आहे, तिथेही पावसाळ्यात ती पाण्याने तुडुंब भरलेली असते. अशा मातीत हवा शिरत नाही, कुजण्याची क्रिया मंदावते आणि खड्ड्यातले पाणी कातळाच्या भेगांमध्ये उतरते. या कातळातले, म्हणजे बेसॉल्टमधले, पाणी फटींमधून आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांमधून वाहते. डोंगराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो, तिथे झरा फुटतो आणि पायथ्याची वाडी पिढ्यान् पिढ्या त्याच झऱ्यावर जगते. वाळूतून पाणी मुरताना जशी गाळणी होते, तशी फटीतून वाहताना होत नाही.

खड्ड्यात गाडले की काही आठवड्यांत त्याची माती होते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या डोंगरांत पुरलेल्या विष्ठेचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात रोगकारक जिवाणू वर्षभरानंतरही जिवंत सापडले होते. तिथली थंडी आपल्याकडे नाही, हे खरे. पण तिथे एका खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा वर्षानुवर्षे पडत नाही. आपल्या गडावर सोयीच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे या शनिवारी आलेला माणूस खुरपे मारतो तेव्हा बहुधा गेल्या शनिवारचेच उकरतो. रानडुकरे, कुत्री आणि वानरे उरलेले काम करतात.

याला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, जनावरेही रानातच घाण करतात, मग माणसानेच काय पाप केले? रानातला गवा किंवा भेकर तिथलेच गवत खाऊन तिथेच परत टाकतो. त्या जागेच्या ताळेबंदात काही वाढत नाही. आपण मात्र शहरात जेवून, प्रथिने, मीठ आणि औषधांसह, वर जातो आणि ते सगळे एका लहानशा सपाटीवर ओततो. सह्याद्रीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरची, वनस्पतिसृष्टी अन्नद्रव्यांच्या गरिबीवर उभी आहे. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती का वाढतात? मातीत नायट्रोजन इतका थोडा असतो की, त्यांना तो किड्यांमधून मिळवावा लागतो. अशा जागी नायट्रोजनचा ढीग पडला, तर ती नाजूक फुले मागे पडतात आणि टाकळ्यासारखे उकिरड्यावर फोफावणारे तण पुढे सरकते. ज्या फुलांसाठी आपण इतके चढून जातो, त्यांच्याच मुळावर हे येते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा असतो: आमचे आजोबा-पणजोबा जन्मभर परसाकडेच गेले, त्यांचे काय बिघडले? त्यांचे पुष्कळ बिघडले. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी यात्रांबरोबर गावोगाव फिरल्या, घरेच्या घरे रिकामी झाली. महाराष्ट्रात अशी गावे थोडी, जिथे वेशीवर मरीआईचे ठाणे नाही, आणि ती देवी कशासाठी बसवली गेली हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय आजोबा विखुरलेल्या शेतात जात होते, पाण्याच्या टाकीवर जात नव्हते.

गड बांधणाऱ्यांना मात्र हा प्रश्न कळला होता. रायगडावर राणीवशाच्या भागात दगडी शौचकूप आजही दाखवले जातात. राजगडाच्या संजीवनी माचीच्या तटातही तशी सोय आहे. त्यातला मैला तटाबाहेर पडत असे, आजच्या दृष्टीने ती व्यवस्था आदर्श नव्हे. पण जागा ठरलेली होती आणि ती टाक्यांपासून दूर होती. शिवरायांच्या काळापासूनचे मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराविषयीच्या ग्रंथात, गडाच्या पाण्याविषयी जी काळजी आहे, ती प्रत्येक ट्रेकच्या आधी वाचून दाखवण्यासारखी आहे. आधी पाणी पाहून मग गड बांधावा, एका पाण्यावर विसंबू नये, टाकी खोदावीत आणि गडाचे पाणी फार जपावे, असे ते बजावतात. केरकचऱ्याबद्दलही त्यांची आज्ञा स्पष्ट आहे: झाडलेला केर गडाखाली लोटून द्यायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करायचा. शिवरायांचे नाव घेत गड चढणाऱ्या आपल्यापैकी किती जण ही आज्ञा पाळतात?

मग गडावर संडास का बांधू नयेत, असे कोणीही विचारील. काही गडांवर ते शक्य आहे आणि योग्यही आहे. सिंहगडावर गाडी जाते, रायगडावर रोपवे जातो, पन्हाळ्यावर तर गावच वसले आहे. तिथे पाणी, वीज आणि माणसे पोचतात. पण हरिश्चंद्रगड, राजगड, साल्हेर, हरिहर यांसारख्या पायीच चढायच्या ठिकाणी संडास बांधणे हे सर्वांत सोपे आणि चालवणे सर्वांत कठीण. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांच्या शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यावर २०१० पासून कायद्याने कडक बंधने आहेत. तो अडसर पार झाला, तरी पाणी कुठून आणणार? फेब्रुवारीनंतर जिथे पिण्याचे पाणी पुरत नाही, तिथे भांड्यात ओतायला बादलीभर पाणी नसते. दोन शोषखड्ड्यांचा संडास गावात उत्तम चालतो, कारण खड्डा मातीत असतो. कातळात खोदलेला खड्डा शोषत नाही, भरतो. मग त्याचे दार मोडते, आत पाय ठेववत नाही आणि लोक त्याच्या मागच्या बाजूला बसू लागतात. पाण्याविना चालणारे, राख-माती घालून खत करणारे संडास लडाखमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे. पण तिथे वर्षाकाठी जेमतेम काही इंच पाऊस पडतो आणि घरचेच माणूस ते खत घरच्याच शेतात टाकते. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात, रोज बदलणाऱ्या परक्या गर्दीसाठी, ती व्यवस्था नुसती उचलून आणता येणार नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो विचारायला आपण लाजतो: तो संडास साफ कोण करणार? गडावर संडास हवा म्हणणाऱ्या माणसाच्या मनात उत्तर तयार असते, फक्त तो ते उच्चारत नाही. पायथ्याच्या वाडीतला, बहुधा महादेव कोळी किंवा ठाकर घरातला एखादा गरजू माणूस, नाहीतर पिढीजात ज्यांच्यावर हे काम लादले गेले त्यांच्यातला कोणी, महिन्याच्या तुटपुंज्या मोबदल्यावर तिथे चढून जाईल आणि आपली घाण काढील. हाताने मैला काढण्याच्या कामावर माणूस नेमण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी याच महाराष्ट्रात १९३२ मध्ये गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे यासाठी उपोषण केले होते आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधींनी येरवड्यात अन्न सोडले होते. आपला मैला ही आपली जबाबदारी आहे, तो काढण्यासाठी माणसांची एक जात असू शकत नाही, ही गोष्ट अप्पासाहेब कोकणात आयुष्यभर सांगत राहिले. गडावरची आपली घाण स्वतः खाली आणायला नकार देणारा माणूस, कळत-नकळत, त्या जुन्या व्यवस्थेचाच आधार घेत असतो.

खाली आणणे जगात कोठे होत नाही असेही नाही. एव्हरेस्टच्या नेपाळी बाजूच्या खुंबू पासांगल्हामू गावपालिकेने २०२४ च्या हंगामापासून गिर्यारोहकांना विष्ठेसाठी पिशव्या घेऊनच वर जाण्याची आणि त्या तळावर परत आणून दाखवण्याची सक्ती केली. कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनीच्या वाटेवर पूर्वी शौचालये होती; त्यांतला मैला हेलिकॉप्टरने उतरवावा लागे. शेवटी ती काढून टाकली गेली आणि आता प्रत्येक जण आपली पिशवी आपण खाली आणतो. आठ हजार मीटरवर, प्राणवायू विरळ असताना, माणूस जे करू शकतो, ते पाचनईला तीन तासांत उतरणाऱ्या माणसाला करता येणार नाही असे म्हणता येणार नाही. तान्ह्या बाळाला घेऊन प्रवास करणारी प्रत्येक आई वापरलेला लंगोट गुंडाळून पिशवीत घालते आणि घरी येईपर्यंत सांभाळते. तिला त्यात शौर्य वाटत नाही आणि शरमही वाटत नाही.

कृती अवघड नाही. घट्ट झाकणाचा, आट्यांचा, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा या कामासाठी वेगळा ठेवावा आणि त्यावर ठळक खूण करावी. पायथ्याच्या घरातून दोन मुठी चुलीची राख मागून घ्यावी किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा न्यावा. जाड कागद पसरून त्यावर बसावे, वर राख टाकावी, कागद गुंडाळून डब्यात घालावा. राखेने ओल शोषली जाते आणि वास जवळजवळ नाहीसा होतो. पाणी वापरायचे ते टाक्यापासून दूर नेऊन बाटलीने वापरावे, टाक्यात हात बुडवू नये, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. गडावर पोट बिघडण्याच्या निम्म्या कथा हातांपासून सुरू होतात असे माझे निरीक्षण आहे. गावात उतरल्यावर संडासाच्या भांड्यात डबा रिकामा करावा, साधा कागद खड्ड्यात कुजतो. डबा विसळून तेच पाणी तिथेच ओतावे. प्लास्टिकची पिशवी मात्र संडासात टाकू नये आणि भरलेली पिशवी शहरात आणून कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये, कारण तो कचरा पुढे कोणाच्या तरी उघड्या हातांनी निवडला जातो. आपली जबाबदारी दुसऱ्याच्या हातात ढकलायची नाही, तर ती शेवटपर्यंत कुठे पोचते हे पाहावे लागेल. लघवीचा धोका त्या मानाने बराच कमी. ती पाण्यापासून, लेण्यांपासून आणि मुक्कामाच्या जागेपासून लांब, मातीवर करावी, एवढे पुरे.

तरीही एक दिवसाच्या ट्रेकमध्ये बहुतेकांना या डब्याची गरजच पडू नये, आणि पडते याचे कारण आपण आखलेले वेळापत्रक आहे. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री अकराला बस निघते, पहाटे चारला पायथ्याशी पोचते, पाचला चहा-पोहे होतात आणि सहाला चढाई सुरू. चहानंतर अर्ध्या तासाने शरीराला जे हवे असते, त्यासाठी वेळही नसतो आणि जागाही नसते: पन्नास-साठ माणसांमागे गावातला एखाद-दुसरा संडास, तोही कोणाच्या घरचा. मग पहिल्या टप्प्यावरच्या झाडीत, म्हणजे नेमके गावाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, रांग लागते. यात सर्वांत जास्त हाल बायकांचे होतात. आडोसा मिळणार नाही म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. चढताना त्यांना चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि त्याबद्दल बोलायची सोय नसते. पायथ्याशी एक तास जास्त थांबणे आणि तिथे पुरेसे, पाणी असलेले, दिवे असलेले संडास असणे, एवढ्याने माथ्यावरचा मोठा भार कमी होईल.

ते संडास बांधायला पैसा हवा आणि तो ट्रेकला येणाऱ्यांनी दिला पाहिजे. अनेक ठिकाणी वनसमित्या किंवा ग्रामपंचायती आताही प्रवेशशुल्क घेतात, आणि त्यावर हुज्जत घालणारे लोक बसच्या तिकिटाला हजार-दीड हजार विनातक्रार देतात, हे पाहून वाईट वाटते. त्या शुल्कातला ठरावीक वाटा फक्त संडास आणि पाण्यासाठी राखून ठेवावा, त्याचा जमाखर्च गावात फळ्यावर लिहावा आणि काम करणाऱ्याला रीतसर पगार, हातमोजे, बूट द्यावेत. देहूमध्ये डॉ. सुहास मापुस्कर यांनी मैल्यापासून चांगला बायोगॅस मिळतो हे काही दशकांपूर्वी दाखवून दिले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, पण त्यांचे काम गडांच्या पायथ्यापर्यंत पोचलेले नाही. पावसाळ्यातल्या गर्दीच्या गावात, जिथे दर आठवड्याला शेकडो माणसे येतात आणि तिथल्याच चुलींवर शेकडो भाकऱ्या भाजल्या जातात, तिथे तसा एखादा प्रकल्प उभा राहिला, तर लाकूडतोडही कमी होईल. खाली आणलेले डबे रिकामे करायला तीच जागा सोयीची ठरेल.

आयोजकांना मात्र यातून वगळता येणार नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांनी नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत असे त्यात ठरले. दोर, हेल्मेट आणि प्रथमोपचार यांची जशी अट असते, तशीच मैल्याच्या व्यवस्थेची अट नोंदणीत असली पाहिजे: किती माणसे नेली, त्यांच्यासाठी पायथ्याशी काय सोय केली, मुक्काम असेल तर किती डबे नेले आणि किती आणले. जो आयोजक माणशी दीड हजार रुपये घेऊन साठ जणांना कड्यावर झोपवतो, त्याला साठ डबे घेणे जड जाऊ नये. स्वतःच्या हौसेने दोघा-तिघांनी जाणाऱ्यांवर अशी सक्ती करता येणार नाही आणि करूही नये. त्यांच्यापाशी खुरपे, डबा आणि सबुरी असली की झाले.

आणखी एका गोष्टीचा स्वीकार करावा लागेल: काही जागांना मर्यादा हवी. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या बांधून दिली जाते, तेव्हा सुरुवातीला कुरकुर झाली, पण आज ती कोणाला अन्यायाची वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि साल्हेर, राजगड यांसारखे पायी चढायचे गडही त्यांत आहेत. या दर्जामुळे गर्दी वाढणार हे उघड आहे. राजगडाच्या पद्मावती माचीवर एका रात्री किती माणसांनी राहावे, हा आकडा तिथल्या टाक्यांच्या पाण्यावरून आणि पायथ्याच्या संडासांवरून ठरायला हवा. बसच्या आसनांवरून तो ठरू नये.

हे आपण आपणहून केले नाही, तर काय होते याचे उदाहरण मराठी ट्रेकर्सना चांगलेच ठाऊक आहे, कारण त्याची झळ त्यांनाही लागली. उत्तराखंडच्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, वर्षानुवर्षे तंबूंच्या ओळी लागत होत्या आणि प्रत्येक तळावर शौचाच्या तंबूसाठी खड्डे खणले जात होते. इतक्या थंडीत ते कुजत नव्हते आणि कुरण मात्र उकरले जात होते. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर आणली. बेदनी आणि आली बुग्यालवरून जाणाऱ्या रूपकुंडच्या वाटेची स्वप्ने पाहणाऱ्या किती तरी जणांचे बेत त्या दिवशी मोडले, आणि ज्या स्थानिक वाटाड्यांचा व खेचरवाल्यांचा या घाणीत काडीचा दोष नव्हता, त्यांचा रोजगारही गेला. हरिश्चंद्रगडावर असा आदेश आला, तर मुंबई-पुण्याचा माणूस दुसरा डोंगर शोधील. पाचनईच्या घरांमध्ये ज्या बाया शनिवारी पहाटे तीनपासून पोह्यांची तयारी करतात, त्यांच्यासाठी दुसरा डोंगर नाही. म्हणून येत्या पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच, गर्दीच्या गडांच्या पायथ्याच्या ग्रामपंचायती, वनखाते आणि नोंदणीकृत आयोजक यांनी एकत्र बसून आपापल्या गडापुरता आकडा, शुल्क आणि डब्यांचा नियम ठरवावा, आणि त्या बैठकीत गावातल्या बायकांना पहिल्यांदा बोलू द्यावे, कारण त्या वर राहणाऱ्यांसाठी स्वयंपाक करतात आणि वरून येणारे पाणीही त्याच भरतात.